मार्केट फर्म आहे, आमची प्राइस नाही

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. आदल्या दिवशी गौरींचं विसर्जन झालेलं, अर्धं ऑफिस सुट्टीच्याच मूडमध्ये, आणि संध्याकाळी बातमी आली की केंद्राने कांद्यावरची मिनिमम एक्सपोर्ट प्राइस काढली. म्हणजे टनाला ५५० डॉलरच्या खाली निर्यात करायची नाही ही जी अट होती ती गेली, वर एक्सपोर्ट ड्युटी पण ४० टक्क्यांवरून २० वर आणली. ज्यांचा कांद्याशी संबंध फक्त पोह्यांपुरता त्यांनी बातमी वाचून पान उलटलं असेल. आमच्या तुर्भ्याच्या ऑफिसात मात्र फोन थांबेनात.

मी मार्केट यार्डाजवळ एका कांदा एक्सपोर्टरकडे काम करते, डॉक्युमेंटेशन आणि बायरच्या मेल्स माझ्याकडे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली होती, मे २०२४ मध्ये उघडली ती ही ५५० ची अट आणि ४० टक्के ड्युटी गळ्यात अडकवून, त्यामुळे त्या शुक्रवारची वाट आम्ही किती दिवस बघत होतो ते सांगून कळणार नाही.

शनिवारी सकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडून पोचले तर शेठ दोन फोनवर एकदम बोलत होते, नाशिककडून भाव येत होते आणि प्रत्येक फोनला आकडा वर. नेमकं तेव्हाच मलेशियाच्या बायरचा व्हॉट्सॲप आला. ‘ड्युटी इज डाउन, प्लीज पास ऑन द कट अँड सेंड अस अ फर्म ऑफर, व्हॅलिड टिल ट्यूजडे.’ म्हणजे ड्युटीत जे वाचलं ते आम्हाला भावात द्या, आणि मंगळवारपर्यंतचा पक्का भाव पाठवा.

हा बायर आमच्याकडे नवीन आलेला मुलगा बघायचा. निफाड तालुक्यातला, मराठी मीडियम, बीकॉम. कांद्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारा ऑफिसात कोणी नाही. गोणीतून एक कांदा काढून मान दाबून बघतो आणि सांगतो की हा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीत, वरच्या थरातला आहे, मलेशियाच्या पोर्ट क्लांग बंदरापर्यंत टिकेल, तो खालचा नको. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, किती निघेल हे वजनाआधीच सांगतो. त्याला इंग्लिश येत नाही असंही नाही, वाचतो, समजतं. फक्त भावाबद्दल बोलायचं झालं की अडखळतो.

त्याने रिप्लाय टाईप करून मला दाखवला. ‘सर, मार्केट प्राइस इज फर्म, सो अवर प्राइस इज फर्म,’ आणि पुढे एफओबी न्हावा शेवाचा आकडा, आणि ‘व्हॅलिड टिल ट्यूजडे’.

म्हणलं अरे थांब, सेंड नको करू. तुला काय सांगायचंय?

‘ताई, भाव टाईट आहे. अजून चढणार. तेच लिहिलंय ना.’

अर्ध्या वाक्यात तेच लिहिलं होतं. ‘मार्केट इज फर्म’ म्हणजे बाजार तेजीत आहे, खाली यायचं नाव घेत नाही. पण ‘अवर प्राइस इज फर्म’ म्हणजे आमचा हाच भाव, यात कमी-जास्त होणार नाही. आणि ‘फर्म ऑफर’ मध्ये पुढे तारीख टाकली की तोपर्यंत त्या भावात माल द्यायचा शब्दच दिला असं समोरचा धरतो. म्हणजे इथे तासातासाला कांदा महाग होत असताना आपण तीन दिवस जुन्या भावाला बांधून घेणार. एफओबी म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंतचा सगळा खर्च आपला, गोणी, गाडी, पोर्टचा खर्च आणि ती २० टक्के ड्युटी पण, त्यामुळे भाव चढला की सगळा मार आपल्यालाच.

त्याचा चेहरा उतरला. मला तेच नको होतं. कारण यात त्याची काय चूक? शाळेत प्राइस म्हणजे किंमत आणि रेट म्हणजे दर एवढं पाठ करून घेतात आणि पुढचा धडा सुरू. इंग्लिशमध्ये हे शब्द जोडीने फिरतात हे कुणी सांगतच नाही. भाव ‘कोट’ करतात, ‘होल्ड’ करतात, ‘रिव्हाइज’ करतात. प्राइस ‘हाय’ किंवा ‘लो’ असते, ‘चीप’ असतो तो माल. एकटा शब्द पाठ करून काही उपयोग नाही, जोडी यायला पाहिजे. मला हे मनापासून वाटतं, आणि वाईट पण वाटतं, कारण असे कितीतरी हुशार पोरं-पोरी आहेत ज्यांना धंदा कळतो पण या चार जोड्या माहीत नसल्याने मागे राहतात.

मग आम्ही दोघांनी बसून लिहिलं. ‘मार्केट इज फर्म अँड प्राइसेस आर रायझिंग. धिस इज अॅन इंडिकेटिव्ह प्राइस, सब्जेक्ट टू अवर फायनल कन्फर्मेशन.’ इंडिकेटिव्ह म्हणजे अंदाज यावा म्हणून दिलेला भाव, पक्का नाही. व्हॅलिडिटी फक्त त्याच दिवसाची, संध्याकाळी सहापर्यंत.

खरी गंमत पुढे झाली. दहा मिनिटांत बायरचा फोन, आणि फोन त्या मुलाच्याच मोबाईलवर. मी म्हणलं घे तूच, स्पीकरवर टाक. समोरचा जरा तापलेला होता, म्हणाला ड्युटी निम्मी झाली तरी तुमची प्राइस ‘स्टिल अ बिट स्टीप’, पाकिस्तानचा कांदा याच्यापेक्षा स्वस्त मिळतोय, ‘नॉक ऑफ टेन डॉलर्स’, म्हणजे टनाला दहा डॉलर कमी करा, आणि डील क्लोज करा. मुलाने माझ्याकडे बघितलं, मी कागदावर ‘स्टीप = जास्त’ एवढंच लिहून सरकवलं. स्टीप म्हणजे उभा, घाटातला चढ असतो तसा, लगेच समजलं त्याला.

आणि मग तो जे बोलला ते मी शिकवलेलं नव्हतं. म्हणाला, सर, ड्युटी केम डाउन, बट फार्म प्राइसेस वेंट अप सिन्स मॉर्निंग. द कट इज ऑलरेडी इन द फार्मर्स प्राइस. आय कॅनॉट होल्ड धिस प्राइस आफ्टर सिक्स. पाकिस्तान कांद्याबद्दल पण शांतपणे सांगितलं, की साईज बघा, स्किन बघा, आणि मग कंपेअर करा. व्याकरण वगैरे बघत बसलं तर एखादी चूक निघेल पण समोरच्याला प्रत्येक शब्द कळला. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग ‘ओके, मीट मी हाफवे.’ हे मात्र त्याला माहीत होतं, टनाला पाच डॉलर सोडले. शेठ मागे उभे राहून ऐकत होते, त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे तो ‘डन’ म्हणाला.

सहाच्या आत बायरचं कन्फर्मेशन मेलवर आलं. सोमवारी आम्ही त्या भावात माल देऊच शकलो नसतो, म्हणून शनिवारीच गावाकडे फोन करून शेठने माल बांधून घेतला.

त्यानंतर त्या मुलाने एक वही केली. डाव्या बाजूला बाजारात आपण बोलतो ते, भाव टाईट आहे, भाव बसला, भाव फुटला, उजव्या बाजूला बायर काय लिहितात ते, त्यांच्याच मेलमधून उचललेलं. ‘प्राइसेस हॅव ईझ्ड’, ‘प्राइसेस हॅव सॉफन्ड’ हे दोन्ही भाव नरमला, ‘प्राइसेस क्रॅश्ड’ म्हणजे भाव कोसळला. ‘बाय’ आणि ‘टू’ साठी वेगळं पान, कारण ‘रिड्यूस्ड बाय ट्वेंटी’ म्हणजे वीसने कमी आणि ‘रिड्यूस्ड टू ट्वेंटी’ म्हणजे वीसवर आणलं, एका शब्दाने हिशोब बदलतो. आता ऑफिसातले सगळे त्यात भर घालतात, मी पण.

१ एप्रिल २०२५ ला उरलेली २० टक्के ड्युटी पण गेली. त्या दिवशी याच बायरचा परत तोच मेसेज, पास ऑन द कट. या वेळी मुलाने मला विचारलं नाही, उत्तर लिहून पाठवून टाकलं आणि मला फक्त कॉपीत ठेवलं.