सीआयएमध्ये जेवून आलो!

आईला फोनवर म्हटलं काल सीआयएमध्ये जेवायला गेलो होतो, तर ती घाबरलीच. अगं हेरांची नाही, स्वयंपाक्यांची! कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या पोकिप्सीपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं, हायड पार्क गावाला हडसन नदीच्या काठावर. पूर्वी तिथे जेझुइट पंथाच्या पाद्र्यांची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा होती, 1972 पासून हे कॉलेज. इथल्या रेस्टॉरंटमध्ये रांधणारे आणि वाढणारे विद्यार्थीच.

आम्हाला वाढायला आलेला विद्यार्थी चांगला पस्तिशीचा, पाठ अशी ताठ की मी विचारलंच, आर्मी का? हो म्हणाला, आठ वर्षं, तिकडेही किचनमध्येच होतो, पहाटे तीनला उठून शेकडो लोकांचा नाश्ता. मग इथे शिकायला काय उरलं म्हटलं, तर हसला, "तिथे अंडी वेळेत द्यायची होती, इथे चव घेऊन बघायला शिकलो." फी जीआय बिल नावाच्या कायद्यातून, म्हणजे सैनिकाला शिक्षणासाठी सरकार 36 महिन्यांपर्यंत पैसे देतं. गावाकडे स्वतःचं छोटं हॉटेल काढायचंय म्हणे, कर्जाचं मात्र अजून जमेना, बँका नव्या हॉटेलला दारात उभं करत नाहीत.

घरी येऊन वाचत बसलो तर हे कॉलेजच मुळात 1946 साली न्यू हेवनमध्ये दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी निघालेलं, आणि ते पहिलं जीआय बिल 1944 मध्ये ज्यांनी सही करून आणलं त्या राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टचं घर याच रस्त्यावर थोडं पुढे, रोज ऑफिसला जाताना पाटी बघतो आणि एवढं माहीत नव्हतं! बरं, किचनमधल्या कामाच्या वाटणीला 'ब्रिगेड' म्हणतात ती पद्धत बसवणारा फ्रेंच शेफ एस्कॉफिए स्वतः 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंच सैन्याचा स्वयंपाकी होता. किचनमध्ये फौजेतल्या 'यस सर'सारखं 'यस शेफ' म्हणतात ते उगाच नाही.

आणि मला आठवला आमचा साताऱ्याचा मामा. सतरा वर्षं फौजेत लंगर सांभाळला, रिटायर झाला आणि बसला बँकेच्या दारात बंदूक घेऊन. जत्रेच्या मटणाला मात्र आजही गाव त्यालाच बोलावतं. त्याला हॉटेल काढ म्हणून कुणी म्हटलं नाही, मीसुद्धा नाही.

रात्री त्याला ताटाचे फोटो पाठवले. बदकाचा एवढासा तुकडा, बाजूला तीन गाजरं. त्याचा लगेच व्हॉइस मेसेज, "एवढ्यात पोट भरलं का रं? आन बिल किती आलं?"

बिलाचं सांगितलं नाही.