माय सनच्या विटा आणि सांगलीचे काका

व्हिएतनामचा ग्रुप घेऊन गेलं की निम्म्या लोकांचा जीव गोल्डन ब्रिजवर असतो, त्या भल्यामोठ्या दोन हातांपाशी रील काढायचं एवढंच डोक्यात, त्यामुळे दा नांगहून दीडेक तास बसमध्ये बसवून माय सनला नेलं की हमखास ऐकायला मिळतं, "अहो पडकी देवळं आपल्याकडे काय कमी आहेत का?" टूर मॅनेजरने हसायचं फक्त.

त्या दिवशी वर पाऊस. नाइलाजाने सगळे गेटजवळच्या म्युझियममध्ये घुसले, एरवी तिथे आत कुणी फिरकत नाही. लोकल गाइड सांगत होती की हे चाम राजांचं, म्हणजे मध्य व्हिएतनामच्या जुन्या हिंदू राजांचं ठिकाण, चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे पहिलं देऊळ बांधलं, लाकडाचं, आणि देवाला नाव दिलं भद्रेश्वर. तिच्या उच्चारात कुणाला काही कळेना, मी परत म्हणून दाखवलं तर एक काकू जवळजवळ ओरडल्याच, "अगंबाई, म्हणजे आपला महादेवच की!" तिथून ग्रुपचा मूडच बदलला.

पण खरी मजा आणली सांगलीकडच्या काकांनी. आयुष्यभर बांधकामाची कंत्राटं घेतलेला माणूस. पाऊस थांबल्यावर आम्ही देवळांपाशी पोचलो तर हे मूर्ती सोडून भिंतीला नाक लावून उभे. "ह्याच्यात माल कुठाय?" दोन विटांच्या दरजेत त्यांनी नख घालून बघितलं, जाईना. गाइड म्हणाली झाडाचा चीक वापरला असावा असं म्हणतात, पण अभ्यासकांचं पूर्ण एकमत नाही. काका पुढे सरकले आणि एका ठिकाणी थांबून हसायलाच लागले. तिथे डागडुजी करताना नवीन विटा घातल्यात, त्यांच्यावर शेवाळ आणि पांढरा लोणा, आणि शेजारची हजारेक वर्षांची वीट तांबडीलाल! "ही आमच्या पिढीची कामं," म्हणे.

मग 'ए ग्रुप' म्हणतात त्या देवळांच्या समूहाकडे गेलो. इथलं मुख्य देऊळ सुमारे २४ मीटर उंच होतं, आता त्याचे अवशेषच उरलेत. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेने बॉम्ब टाकले, व्हिएत काँगचे लोक, म्हणजे अमेरिकेशी लढणारे कम्युनिस्ट गनिम, ह्या खोऱ्यात लपायचे म्हणून. ७० च्या वर वास्तू होत्या, त्यातल्या वीसेक धड म्हणाव्या अशा राहिल्यात. गवत उगवलेला बॉम्बचा खड्डा दाखवला तर ग्रुपमधल्या एका पोराला आधी पटेचना, त्याला ते तळं वाटलं होतं, पाणी साचलेलं ना. मला स्वतःला तो खड्डा शाबूत देवळांपेक्षा जास्त लक्षात राहतो, का ते सांगता येणार नाही.

जवळच ते शिवलिंग आहे, २०२० मध्ये आपल्या पुरातत्व खात्याची माणसं इथे जतनाचं काम करत होती तेव्हा सापडलेलं, नवव्या शतकातलं, अखंड दगडाचं. काकूंनी पटकन चपला काढल्या. गार्डला वाटलं बाईंचे पाय दुखतायत, तो बिचारा बसायला जागा दाखवायला लागला, आणि काकू त्याला मराठीतच समजावतायत की अरे बाबा, देवापुढे चपला घालून कसं उभं राहायचं.

होई अनला पोचायला उशीर झाला, कंदिलांच्या होडीत दोन फॅमिल्या बसल्याच नाहीत आणि त्यावरून फीडबॅक फॉर्ममध्ये मला ऐकावं लागलं. तरी मी पुढच्या टूरपासून म्युझियमचा अर्धा तास वाढवून घेतला, आणि तोही देवळांच्या आधी. ऑफिसवाले अजून विचारतात, शॉपिंगचा वेळ कशाला कापला म्हणून.