नाव नसलेल्या रस्त्यावरचा पत्ता

टोकियोतली पत्त्यांची पद्धत तर्कशून्य आहे, असे माझ्या एका युरोपीय सहकाऱ्याने परवा ठामपणे सांगितले आणि ते मला मनापासून खटकले. इथल्या बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत, ही त्याची तक्रार खरी आहे. त्याच्या मनातले शहर रस्त्यांचे बनलेले आहे आणि घर त्या रस्त्यावर असते. जपानी मनातले शहर एकमेकांना लागून असलेल्या जमिनीच्या तुकड्यांचे आहे आणि रस्ता ही त्यांच्यामधली मोकळी जागा आहे. म्हणून पत्त्यात आधी विभाग, मग वस्ती, तिचा ‘चोमे’ हा भाग, त्यातला घरांचा गट आणि शेवटी घराचा क्रमांक येतो. १९६२ च्या कायद्यानुसार जिथे नवी आखणी झाली, तिथे हे क्रमांक गटाभोवती फेरी घालावी तसे ओळीने लागतात. जुने भूखंड क्रमांक जिथे टिकले आहेत, तिथे मात्र शेजारशेजारच्या घरांच्या आकड्यांत मोठे अंतर असू शकते.

मी पुण्याचा असल्यामुळे मला यात परके काही वाटत नाही. आमच्या पेठांतही पत्ता म्हणजे घराचा आकडा आणि पेठेचे नाव. पुढचे सगळे चिमण्या गणपतीपासून डावीकडे वळण्यावर चालते, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची पत्रे बिनचूक पोहोचली आहेत.

मात्र इथल्या ‘कोबान’मध्ये, म्हणजे पोलिस चौकीत, मला जे पाहायला मिळाले त्याचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. हे घर कोणत्या रस्त्यावर आहे, असे मी विचारले. त्या शिपायाच्या शहरात या प्रश्नाला उत्तरच नव्हते, तरीही त्याने मला दुरुस्त केले नाही. त्याने भिंतीवरच्या नकाशात तो गट शोधला, कोऱ्या कागदावर सिग्नल, कोपऱ्यावरचे दुकान आणि देवळाची कमान एवढेच काढले, मी ज्या दिशेला तोंड करून उभा होतो ती दिशा वर येईल असा कागद फिरवला आणि प्रत्येक खूण माझ्याकडून पुन्हा वदवून घेतली. त्याच्या मनातला नकाशा मला मिळाला नाही, माझा त्याला मिळाला नाही; दोघांनाही डोळ्यांनी दिसतील अशा तीन खुणांवर आमचे एकमत झाले आणि मी त्या घरी पोहोचलो. पुण्यात पत्ता सांगणारा दुकान सोडून कोपऱ्यापर्यंत सोबत येतो, ती आपुलकी चौकीत नाही. पण ऐकणाऱ्याला नेमके काय समजले, हे तपासून पाहण्याची शिस्त आपण जरूर घ्यावी.

आणि जपान्यांचे तरी चित्र एकच कुठे आहे? क्योतोच्या जुन्या भागात रस्त्यांना नावे आहेत. तिथे दोन रस्त्यांचा छेद सांगून घर त्याच्या उत्तरेला की दक्षिणेला, पूर्वेला की पश्चिमेला, ते सांगतात. टोकियोत वाढलेल्या माणसालाही तिथे गेल्यावर खुणा विचारतच पुढे जावे लागते.