पसरणीचा घाट आणि आमचा वार्षिक मेळावा

वाईतल्या आमच्या सायकल मंडळाचा मेळावा दर वर्षी डिसेंबरमध्ये एका रविवारी शाळेच्या सभागृहात भरतो. तोवर घाटातल्या रस्त्यांवरचे शेवाळ वाळलेले असते, कासच्या फुलांची गर्दी ओसरलेली असते आणि सकाळी कृष्णेवर धुके असते. मंडळाची नोंदवही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. प्रत्येक मेळाव्याला कोण आले, कोण बोलले आणि कोणी काय काम केले हे तिच्यात लिहिलेले आहे. हा लेख त्या वहीच्या आधाराने आणि पुष्कळसा मनातून लिहीत आहे.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी आमची मोठी फेरी असते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, तिथून भिलारचा फाटा आणि वेण्णा तलावावरून महाबळेश्वर, पुढे केळघरचा घाट उतरून मेढा, मग सातारा आणि पाचवडमार्गे पुन्हा वाई, असे सुमारे १२० किलोमीटर अंतर होते. या फेरीचे मला विशेष प्रेम आहे, कारण तिच्यात माणूस कृष्णेच्या खोऱ्यातून वर चढतो आणि वेण्णेच्या खोऱ्यात उतरतो. दोन्ही नद्यांचा उगम क्षेत्र महाबळेश्वरी मानला जातो आणि दोघी साताऱ्याजवळ संगम माहुलीला पुन्हा भेटतात. ज्यांच्या पायांत तेव्हाही ताकद उरलेली असते, ते वाकडी वाट करून संगमावर जाऊन येतात. साताऱ्याहून परतताना मात्र उसाच्या ट्रॉल्यांमुळे फार जपून यावे लागते. अंधार पडायच्या आत वाईत पोहोचायचे, हा नियम आम्ही कधीही मोडू दिलेला नाही.

मेळाव्याची औपचारिक बाजू इतर मेळाव्यांसारखीच असते. दीपप्रज्वलन होते, अहवाल वाचला जातो, जमाखर्चाला टाळ्यांनी मंजुरी मिळते आणि पाहुण्यांना शाल व नारळ दिला जातो. मी वर्षभर ज्याची वाट पाहतो तो कार्यक्रम यानंतरचा. त्याला आम्ही ‘वाट सांगणे’ म्हणतो. त्या वर्षी स्वतः केलेला एक रस्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायचा, हातात कागद घ्यायचा नाही, पडद्यावर छायाचित्रे दाखवायची नाहीत आणि वेग किती होता हे सांगायचे नाही, एवढेच त्याचे नियम आहेत. वेगाचा नियम पहिल्या वर्षी पुष्कळांना जाचक वाटला होता. आज तो काढा असे कोणी म्हणत नाही.

पसरणीचा घाट जवळजवळ दर वर्षी कोणीतरी सांगतोच. वाई ते पाचगणी हे अंतर १२-१३ किलोमीटरचे आणि चढ सुमारे ६०० मीटरचा. शाहीर साबळे यांचे जन्मगाव असलेले पसरणी मागे पडले की खरा घाट सुरू होतो. त्यानंतर अंगावर येणारा चढ फारसा कुठे नाही, पण चढ सोडतही नाही. अर्ध्या वाटेवर खाली धोमचा जलाशय दिसू लागतो आणि नवख्या सायकलस्वाराला वाटते की आपण पोहोचलो. एका वर्षी आठवीतल्या मुलाने हा घाट सांगितला. आपण चार वेळा थांबलो, ही गोष्ट त्याने जराही न लपवता सांगितली, आणि प्रत्येक थांब्यावर काय दिसले तेही सांगितले. तिसऱ्या थांब्याला त्याला कठड्यावर एक माकड आपल्या बाटलीकडे पाहत बसलेले दिसले होते. सभागृहातली वयस्कर मंडळी मान हलवत होती, कारण तो कठडा प्रत्येकाच्या ओळखीचा होता.

२०२१ सालचे निवेदन मला अजून शब्दशः आठवते. त्या वर्षी २२ जुलैला महाबळेश्वरात २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट जागोजागी तुटला. वाहतूक सुरू झाल्यावर आमच्या एक शिक्षिका ताई तो घाट प्रतापगडाच्या फाट्यापुढे काळजीपूर्वक उतरून आल्या होत्या. एरवी घाट सांगताना माणूस वळणे मोजतो. ताईंनी दुरुस्तीचे तुकडे मोजले. इथे रस्ता जुना, इथे नवा मुरूम, इथे दरीच्या बाजूची भिंत ताजी, इथे वरच्या कड्याची माती अजून ओली, असे त्या सांगत गेल्या. टाळ्या वाजायला बराच वेळ लागला, कारण त्या पावसात सातारा जिल्ह्यातल्या ज्या वस्त्यांवर दरडी आल्या, तिथल्या माणसांना ओळखणारे पुष्कळजण समोर बसलेले होते.

तरीही सर्वांत जास्त हलवून गेलेले निवेदन कोणते असे मला कोणी विचारले, तर मी दूधवाल्या आप्पांचेच नाव घेईन. आप्पा मंडळाचे सभासद नव्हते. मेणवली ओलांडून धोमच्या जलाशयाच्या काठाने जोर खोऱ्याकडे जाणारा जो शांत रस्ता आहे, त्या बाजूच्या एका वाडीतून ते तरुणपणी बिनगिअरच्या काळ्या सायकलवर दुधाचे कॅन लावून रोज वाईला येत असत. आम्ही त्यांना पाहुणे म्हणून बोलावले तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. ध्वनिक्षेपक बाजूला करून, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे धरून ते उभे राहिले आणि म्हणाले, “कॅन काठोकाठ भरलं तर सायकल शानी ऱ्हाती. निम्मं भरलं की दूध डुचमळतंय, आन् वळणाला सायकल भाईर वडतंय.” मग कॅनमध्ये वरून पेंढ्याची जुडी कशी टाकायची, म्हणजे दूध शांत राहते, हे त्यांनी बोटांनी दाखवले. पावसाळ्यात कोणत्या ओढ्याला उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागे आणि आधी कॅन पलीकडे नेऊन ठेवून मग परत सायकलसाठी यावे लागे, हे सांगताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. त्या रस्त्यावरून मी कितीतरी वेळा गेलो होतो, पण तो ओढा मला माहीतही नव्हता, कारण आता त्याच्यावर पूल आहे आणि सायकल त्यावरून जाते हे कळतही नाही.

आप्पा बोलले त्या दिवशी सभागृह अर्धे रिकामे होते, ही खंत मी आजवर मनात ठेवली, आता लिहितो. आपल्याकडे रविवारच्या फेरीला पहाटे पाच वाजता गणपती घाटावर जमणारे सभासद पुष्कळ आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण तेच सभासद वर्षातून एकदा तीन तास खुर्चीवर बसायला येत नाहीत, किंवा जेवणाच्या वेळेला येतात, याचे वाईट वाटते. महाबळेश्वर दोन वेळा चढणाऱ्या माणसाला शाळेच्या सभागृहाचा जिना का चढवत नाही, हे मला समजत नाही. त्यांनी हे मनाला लावून घ्यावे आणि या वर्षी यावे.

आता ज्यांच्यामुळे मेळावा होतो त्यांच्याविषयी. आपली नावे छापू नयेत असे बहुतेकांनी सांगितल्यामुळे त्यांची ओळख कामाने देतो. सभागृहाची किल्ली घेऊन सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला येणारे शाळेचे शिपाईकाका पहिले. मोठ्या फेरीच्या मागे आपला टेम्पो पूर्ण १२० किलोमीटर ताशी पंधराच्या वेगाने चालवणारे दादा, आणि डिझेलचे पैसे देताना दर वर्षी ते भांडतात म्हणून त्यांच्या पत्नीकडे पैसे पोहोचवणारे खजिनदार. पिठले, भाकरी आणि ठेचा करणाऱ्या मेणवलीच्या चार काकू, ज्यांच्या चुली रात्री तीनला पेटतात. पसरणीच्या घाटात प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभ्या राहणाऱ्या डॉक्टरताई. फलकावरची अक्षरे अजूनही हाताने रंगवून देणारे चित्रकलेचे निवृत्त सर.

सायकल दुरुस्त करणाऱ्या मामांविषयी दोन शब्द जास्त लिहिणे मला भाग आहे. केळघरचा उतार सुरू होण्याआधी ते प्रत्येक सायकलचे ब्रेक स्वतः दाबून पाहतात, आणि जुन्या रिम ब्रेकची सायकल असेल तर तिच्या मालकाला बाजूला घेऊन सांगतात की ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. वळणाआधी दाबायचा, सोडायचा, मध्ये रिमला वारा लागू द्यायचा. एकदा माझ्याकडून हे पाळले गेले नाही. उतार संपल्यावर मामांनी माझे बोट धरून रिमला क्षणभर टेकवले. चटका बसला. ते काहीच बोलले नाहीत, खिशातला पॅचचा डबा काढून पुढच्या माणसाच्या पंक्चरकडे वळले. त्यानंतर इतक्या वर्षांत त्या घाटात माझा ब्रेक कधी तापला नाही.

गेल्या मेळाव्याला आप्पांची नात बोलली. ती नववीत आहे, आणि तिने धोमचा तोच रस्ता सांगितला. पुलाजवळ आल्यावर ती थांबली, आणि आजोबा इथे आधी कॅन ठेवायचे, मग सायकल आणायचे, असे म्हणून त्यांच्यासारखेच दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. वहीत त्या दिवसाच्या पानावर मी वाट, अंतर आणि बोलणारीचे नाव लिहिले, आणि खाली मदतनीसांची यादी केली.

ही यादी वर उतरवताना एक चूक लक्षात आली. कार्यक्रम चालू असताना सभागृहाबाहेर ऐंशी-नव्वद सायकली उन्हात एकट्याने राखत बसणारा, शिपाईकाकांचा धाकटा मुलगा तिच्यात नाही. गेल्या वर्षीही तो राहून गेला होता. वहीत त्याचे नाव आज लिहिले आहे, आणि पुढच्या मेळाव्याला ते सर्वांत आधी वाचले जाईल.