रिसेल फ्लॅट घेताना एजंट असा पारखला: पुण्यातला माझा अनुभव

पहिल्याच फोनवर एजंटला एक प्रश्न विचारायचा हे मी ठरवून टाकलं होतं: तुमचं ब्रोकरेज कोण देणार? नव्या प्रकल्पात ते बहुतेक वेळा बिल्डर देतो. आपल्याला फुकट वाटतं, पण जिथे टक्केवारी जास्त, ती साइट आपल्याला आधी दाखवली जाण्याची शक्यताही तितकीच. रिसेलमध्ये बहुधा दोन्ही पार्ट्यांकडून एक ते दोन टक्के घेतात. 75 लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के म्हणजे दीड लाख. एजंट जीएसटीत असेल तर वर 18 टक्क्यांनी आणखी 27 हजार. म्हणून टक्के, जीएसटी धरून की सोडून आणि पैसे कधी द्यायचे, हे तिन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या, संकेतस्थळावर एजंटची नोंदणी बघता येते. ती 5 वर्षांची असते, त्यामुळे मुदतीची तारीखही बघायची. आता परीक्षा देऊन मिळणारं सक्षमता प्रमाणपत्रही लागतं. मात्र ही सक्ती महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. जुन्या सोसायट्यांच्या रिसेलमध्ये नोंदणी नसलेले एजंट भरपूर भेटतात. नोंदणी असली म्हणजे माणूस चोख, असं नाही.

खरी पारख भावावर होते. "इथे हाच रेट चाललाय" असं सगळेच म्हणतात. मी प्रत्येकाकडे त्याच सोसायटीतल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची 2, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा, मागितली. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून ती आपल्यालाही शोधता येते. तीत मोबदला, बाजारभाव आणि क्षेत्रफळ असतं. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर 10.764 ने गुणायचं: 58 चौरस मीटर म्हणजे सुमारे 624 चौरस फूट. ते कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंती धरून) हेही वाचायचं, कारण एजंट भाव सांगताना सेलेबल एरिया (जिना, लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटाही मिळवलेला) धरतो आणि तिथेच तुलना फसते.

मग एजंटला दोन प्रश्न. मालक परदेशात राहत असेल तर टीडीएसचं, म्हणजे मालकाला पैसे देताना आपण कापून भरायच्या कराचं, काय? 50 लाख आणि त्यावरच्या घराला एक टक्का कापायचा, हा नियम मालक अनिवासी असेल तर लागू नाही. कपात बरीच जास्त असते. दुसरा, फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी ट्रान्स्फर प्रीमियम किती घेऊ शकते? महापालिका हद्दीत कमाल 25 हजार. "त्यावर डोनेशन द्यावंच लागतं" असं बिनधास्त सांगणारा एजंट मी तिथेच सोडला.

व्हिजिट फॉर्मवर सही करताना फ्लॅट नंबर आणि तारीख घातली, नाहीतर एकाच फ्लॅटवर दोन एजंट हक्क सांगतात. टोकनचा, म्हणजे सौदा पक्का करायच्या आगाऊ रकमेचा, चेक थेट मालकाच्या नावाने दिला, एजंटच्या हातात रोख नाही. पावतीत लिहून घेतलं, की टायटलमध्ये (मालकी हक्कात) दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं तर पूर्ण रक्कम परत. जुनी कागदपत्रं तपासून मालकी हक्काचा सर्च रिपोर्ट देणारा वकील माझा मी शोधला. एजंटला सौदा पूर्ण झाल्यावरच पैसे मिळतात, त्यामुळे त्याने सुचवलेल्या वकिलावर मी थांबलो नाही.

ब्रोकरेज दोन हप्त्यांत ठरवलं: निम्मं कराराच्या नोंदणीला, निम्मं ताबा मिळाल्यावर. या दुसऱ्या हप्त्यामुळेच सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, वीजबिल आणि मिळकतकरावरचा नावबदल आणि शेअर सर्टिफिकेटच्या हस्तांतराचा अर्ज, एवढी कामं एजंटने मागे लागून करून दिली.