चक्करची गोळी

बाजाराचा दिवस होता. माझ्या औषधाच्या दुकानात काउंटरवर चार जण एकदम बोलत होते. त्यांच्यामधून हात घालून एका तरुणाने दोन रिकाम्या स्ट्रिपा पुढे ठेवल्या. "ताई, दोन्ही महिन्याभराच्या द्या. अण्णांच्या हायेत."

एक सिंडोपा प्लसची, म्हणजे पार्किन्सन्स या कंपवाताच्या आजारावरची, दुसरी सिनारिझिनची, म्हणजे चक्करची. दोन्ही गोळ्या आमच्याकडे रोज खपतात, पण एकाच माणसासाठी त्या बरोबर मागितलेल्या पाहून मी थांबले. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. सिंडोपातला लेव्होडोपा ती उणीव थोडीफार भरून काढतो. सिनारिझिन मात्र त्याच डोपामिनची वाट अडवते. म्हाताऱ्या माणसाने ती महिनोन्‌महिने घेतली, तर मुळात आजार नसतानाही हातापायांत कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. आपल्याकडे चक्कर म्हटली की पहिली हीच गोळी निघते. ती सुरू करणारे पुष्कळ असतात, बंद करायला सांगणारा कोणी भेटत नाही.

"ही चक्करची कोणी दिली?"

"गावातल्या डॉक्टरांनी. पाच दिवसांची दिलेली. बरं वाटलं, मग चालूच ठेवली."

"पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं? साधी चक्करची तर हाय."

फाइल पाहिली. तीत सगळे पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टचे कागद होते, गावातली चिठ्ठी नव्हतीच. सिंडोपा एका दुकानातून यायची आणि चक्करची गोळी जिथे मिळेल तिथून, त्यामुळे सगळी औषधं एकत्र कोणाच्याच नजरेखालून गेली नव्हती.

मी सिनारिझिन द्यायला नकार दिला. तो चिडला, म्हणाला, दुसरीकडं मिळंल. मिळालीही असती, म्हणून त्याच्यासमोरच गावातल्या डॉक्टरांना फोन लावला. पार्किन्सन्सचं निदान झालंय हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते लगेच म्हणाले, "बंद करा, आणि अण्णांना घेऊन या. झोपवून आणि उभं करून बीपी बघतो." शंका बरोबर निघाली. उठून उभं राहिलं की बीपी उतरायचा. या आजारात तसं होतं, आणि लेव्होडोपानेही होतं. पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी बीपीच्या जुन्या गोळीचा डोस कमी केला.

गोळी थांबवल्यावर आठवडाभरात अण्णा पळायला लागतील असं मुलाला वाटत होतं. तसं होत नाही. सिनारिझिनचा परिणाम उतरायला आठवडे, कधी महिने जातात. अण्णांचा ताठरपणा हळूहळू थोडा कमी झाला, कंप आहे तसाच आहे.

पुढच्या बाजाराला अण्णांची बायको आली. मावशींनी पिशवीतून डबी काढली. सिंडोपा त्या जेवणानंतर दुधाबरोबर देत होत्या, कारण "रिकाम्या पोटी गरम पडती." दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं लेव्होडोपाला आतड्यात आणि मेंदूच्या दारात अडवतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायची. मळमळलंच तर एखादं बिस्किट चालतं. दुपारी अण्णा दगडासारखे का बसतात याचं निम्मं उत्तर त्या पेल्यात होतं. बाकीचं डोसच्या वेळांत असणार, ते पुण्याचे डॉक्टर ठरवतील असं सांगितलं.

मग त्यांनी हळूच विचारलं, "माझ्यावर कसला राग धरलाय का वो त्यांनी? हसतच न्हाईत." चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात, त्यामुळे माणूस रागावल्यासारखा दिसतो, हे त्यांना इतक्या दिवसांत कोणीच सांगितलं नव्हतं. झोपेत ओरडणं, लाथा मारणं, आवाज बारीक होणं, बद्धकोष्ठता, सगळं याच आजारातलं. गावात तर दारू पितात अशीही कुजबुज होती.

एवढं मला ठाऊक होतं. पण घरात रोज ते निभवायचं कसं, हे काउंटरमागून सांगता येत नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनीच चालवलेलं. मावशींना पुण्याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून दुकानातूनच फोन लावून दिला. पलीकडच्या बाईंनीही याच आजारात नवऱ्याचं सगळं केलेलं. गिऱ्हाइकं खोळंबली तरी मावशी स्टुलावर बसून बोलत राहिल्या. अण्णांचे पाय उंबऱ्याशी खिळतात म्हटल्यावर त्या बाईंनी जमिनीवर पावलाच्या अंतराने आडव्या पट्ट्या ओढायला सांगितल्या. पट्टी ओलांडायची म्हटली की पाय उचलला जातो. मावशींनी चुन्याने ओढल्या. कधी चालतं, कधी नाही.

अण्णांना देऊ नयेत अशा औषधांची नावं मी जाड पुठ्ठ्यावर लिहून दिली: सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल. कुठल्याही दवाखान्यात आधी हे दाखवायचं. त्याखाली लिहिलं, सिंडोपा मनाने बंद करायची नाही.

दिव्यांगत्वाचा दाखला मात्र अजून अडलाय. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत पार्किन्सन्स आहे हे मुलाला माहीत नव्हतं. आता अर्ज केलाय. पण बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं आणि तपासणी असते सकाळी. नेमकं तेव्हा डोस चढलेला असतो आणि अण्णा बरे चालतात. मुलाला म्हटलं, "डोस किती वाजता घेतला, उतरल्यावर काय होतं, ते लिहून ने. आणि दुपारी तीनचा व्हिडिओ काढ, अंगणातला."