पॉवर सप्लायचे अर्थिंग आणि ग्राउंड : एका दुरुस्तीचा अनुभव

ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा डायोडचा संच) आणि एलएम३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारी रेग्युलेटर आयसी) वापरून घरी जोडलेल्या माझ्या पॉवर सप्लायमध्ये दोन तक्रारी एकाच वेळी होत्या. पत्र्याच्या पेटीला हात लागला की बोटांना मुंग्या येत, आणि साधारण एक अँपिअरचा लोड दिला की त्यावर जोडलेल्या ऑडिओ अँप्लिफायरमधून सतत गुणगुण ऐकू येई. पेटीचे अर्थिंग जिवाच्या रक्षणासाठी असते, तर सर्किटचा ग्राउंड हा प्रवाहाचा परतीचा मार्ग असतो. म्हणून दोन्हींचा तपास मी वेगवेगळा केला.

गाठ २३० व्होल्टशी असल्यामुळे आधी अर्थिंग पाहिले. प्लग काढून मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरी पेटीच्या उघड्या पत्र्याला लावली, तेव्हा आकडा एका जागी ठरेना. अर्थिंगच्या हिरव्या वायरची लग (टोकाची धातूची कडी) पेटीच्या रंगावरच आवळलेली होती. तेवढ्या जागेचा रंग पॉलिश पेपरने घासून काढून, दातेरी वॉशर घालून नट पुन्हा आवळला; मीटरच्या वायरींचा रोध वजा केल्यावर ०.१ ओहमच्याही आत आकडा आला आणि मुंग्या थांबल्या. एलएम३१७ ची धातूची पट्टी आतून आउटपुटलाच जोडलेली असते, त्यामुळे पेटीवर बसवलेल्या हीटसिंकखालचा (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या तुकड्याखालचा) विद्युतरोधक अभ्रक फाटलेला नाही ना, हेही याच वेळी तपासून घेणे मला अत्यावश्यक वाटते.

गुणगुण मात्र तशीच राहिली. आता ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) आउटपुट पाहायचे होते. त्याच्या प्रोबची ग्राउंड क्लिप मेन्सच्या अर्थला जोडलेली असते, म्हणून सप्लायचा निगेटिव्ह आणि अर्थ यांना जोडणारी पट्टी काढून ठेवली. ती पट्टी जोडलेली असताना क्लिप चुकून पॉझिटिव्हला लागली असती, तर आउटपुट शॉर्ट झाले असते. पडद्यावर दर १० मिलिसेकंदांनी एक टोकदार खड्डा दिसत होता, म्हणजे वारंवारता १०० हर्ट्झ होती. बाहेरून शिरलेली मेन्सची गुणगुण बहुधा ५० हर्ट्झची असते, तर ब्रिज रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या सायकली वापरत असल्याने त्याची १०० हर्ट्झची; त्यामुळे संशय रेक्टिफायरच्या बाजूवर गेला.

रेक्टिफायरनंतरचा, व्होल्टेजमधले चढउतार कमी करणारा फिल्टर कपॅसिटर सलग चार्ज होत नाही. प्रत्येक अर्ध्या सायकलच्या शिखराजवळ थोडाच वेळ, लोडच्या कितीतरी पट प्रवाह खेचतो. व्होल्टेज ठरवणाऱ्या पॉटचे (फिरवून बदलता येणाऱ्या रोधाचे) खालचे टोक ब्रिजच्या निगेटिव्हपाशी सोल्डर केलेले होते. तिथून कपॅसिटरपर्यंतच्या पंधरा सेंटिमीटरच्या बारीक वायरचा रोध ०.०१३ ओहम धरला, तरी पाच अँपिअरच्या झटक्याला तिच्यावर सुमारे ६५ मिलिव्होल्ट पडतात, आणि एलएम३१७ ते जसेच्या तसे आउटपुटवर उमटवतो. म्हणून ब्रिजची जाड वायर थेट कपॅसिटरच्या निगेटिव्हला नेली, तिथून वेगळी वायर आउटपुटच्या निगेटिव्ह टर्मिनलला दिली आणि पॉटचे टोक त्या टर्मिनलवरच जोडले. तोच लोड देऊन पाहिले, तेव्हा ते खड्डे पडद्यावरून नाहीसे झाले होते आणि अँप्लिफायरही शांत होता. निगेटिव्ह आणि अर्थ यांच्यातली पट्टी मी आता काढूनच ठेवतो, आणि एखाद्या जोडणीला खरोखर गरज असेल तेव्हाच लावतो.